खालचं रान

“एवढा चिंचेनं घासायचा, आन् नेऊन टँकरच्या पाण्यात बुचकळायचा. मागल्या सालचं पांढरं डाग अजून निघंनात गालावरचं. देवाला काय, तोंड न्हाय. हात माझं सोलतेत.”

रोहिणी हे कुणालाच म्हणत नव्हती. सासू हाताच्या अंतरावर बसून वाती वळतेय हे तिला दिसत होतं. पण म्हातारीला कमी ऐकू येतं असा सगळ्या वस्तीचा समज होता. ठमाबाईला स्वच्छ ऐकू येत होतं. बहिरेपणाचा आळ तिच्यावर नेमका कधी आला ते तिलाही आठवत नव्हतं, पण त्यातून फायदे इतके निघाले की तो खोडून काढायची गरज तिला कधी वाटली नाही.

परातीतून बिरोबा दोघींकडे डोळे वटारून बघत होता. पितळेचा मुखवटा, भरघोस मिशांचा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा जड. डाव्या गालावर बोअरच्या खाऱ्या पाण्याचे डाग.

“रोहिणी,” ठमाबाई म्हणाली, “उद्या उत्तर तू दे.”

रोहिणीचा हात थांबला. मघापासून आपण काय काय पुटपुटलो याची तिने मनातल्या मनात घाईघाईने उजळणी केली. “कसलं उत्तर, आत्या?”

“देवाचं. जोतीराम विचारंल तवा.”

“मी? अवो, मी तर तळं बघितलंच न्हाय. मोबाइलाच्या नकाशात निस्तं नाव दिसतंय.”

हे अगदी खरं होतं. कोऱ्हाळ्याची ही पोरगी सून होऊन आली, तिची पोरं कॉलेजात गेली, पण ‘तळं’ हा शब्द ती वर्षातून एकदाच ऐकत आली होती, जत्रेच्या आदल्या दिवशी. एरवी त्या जागेला लहानथोर सगळे ‘खालचं रान’ म्हणायचे. खालच्या रानात खत टाकलं, खालच्या रानात ऊसतोड आली. तळं म्हणायचं ते फक्त देवापुढे.

रीत जुनी होती. वैशाखात जत्रेच्या आदल्या दिवशी बिरोबाला तळ्यात बुडवून आंघोळ घालायची. देव वर काढला की भगताने मोठ्याने विचारायचं, “देव कुठं न्हाला?” आणि देवघर जिच्या ताब्यात त्या थोरल्या बाईने सांगायचं, “तळ्यात न्हाला.” भगताने पुन्हा विचारायचं, “तळं कुठं हाय?” बाईने म्हणायचं, “हाय तिथं हाय.” मग भंडारा उधळायचा, ढोल वाजवायचा, आणि वर्ष सुखाचं जाणार असं धरून चालायचं.

ठमाबाईच्या सासूने हे उत्तर दिलं तेव्हा तळ्यात वैशाखातही मेंढराच्या पोटाला लागेल एवढं पाणी असायचं. देवाच्या आधी मेंढरं पाण्यात उतरायची आणि देव त्याचा राग मानत नसे. सासूमागे ठमाबाईकडे उत्तर आलं, तेव्हाही पाणी होतं. मग ते देवाच्या मिशांपर्यंतच पोचायला लागलं, मग नुसतं ओठांना, आणि मग टँकर आला. टँकर निदान तळ्याच्या कोपऱ्यात, उसाच्या कडेला खड्डा करून त्यात ओतायचे. तेवढा कोपरा तळ्याचा होता. त्या कोपऱ्याच्या आधारावर ठमाबाई दर वर्षी उत्तर रेटून न्यायची. पण मागल्या साली “हाय तिथं हाय” म्हणताना तिची जीभ टाळूला चिकटली, आणि वटारलेल्या त्या डोळ्यांकडे तिला बघवलं नाही. वर्षभर देवघरात दिवा लावतानाही ती देवाच्या कपाळाकडे बघायची, डोळ्यांकडे नाही. या वयात देवाशी खोटं बोलून वर जायचं, एवढं एकच तिला नको होतं.

वस्ती शेळगावच्या पुढे, लासुर्ण्याच्या अलीकडे, उतारावर. एके काळी हा सगळा उतार कुसळीचा माळ होता. दिवाळी सरली की पिवळा, उन्हाळ्यात राखेच्या रंगाचा. बाहेरची माणसं त्याला ओसाड म्हणायची, मेंढरं त्याला जेवण म्हणायची. मग मेंढरं विकली आणि जेसीबी आला. पहिला जेसीबी ठमाबाईच्या लेकाने, रोहिणीच्या नवऱ्याने, दादासोने आणला; त्याला वस्तीने नारळ फोडला आणि सवाष्णींनी त्याच्या दातांना हळदकुंकू लावलं. माळ सपाट झाला, मातीच्या आडव्या ताली पडल्या, डाळिंब आलं. डाळिंबाला पाणी पाहिजे म्हणून निळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आलं, आणि शेततळं भरायला पाणी पाहिजे म्हणून तळ्यावर मोटर आली. दादासोचं झालं म्हणून त्याच्या चुलतभावाने, सिद्धूने केलं. सिद्धूचं झालं म्हणून शेजारच्या आक्काबाईने केलं, कारण तिच्या घरात काय पुरुष नव्हते का. वरून येणाऱ्या प्रत्येक ओघळीला कुणाची ना कुणाची ताल आडवी आली, आणि त्यातूनही जे पाणी चुकून तळ्यात उतरायचं ते दिवाळीच्या आत मोटरींनी पुन्हा वर चढायचं.

तळ्याचा तळ उघडा पडला. काळाभोर गाळ. एवढी सोन्यासारखी माती उगी पडून आहे, हे सिद्धूच्या जिवाला बघवेना. त्याने ऊस लावला. त्याला एकट्याला पाप लागू नये म्हणून आणखी चौघांनी लावला. सांडव्यावर सरकारी पाटी मात्र अजून उभी होती: ‘पाणी खोल आहे. पोहू नये.’ पाटीच्या मागे ऊस डुलत होता.

तळं कशाने आटलं याची कारणं वस्तीला तोंडपाठ होती. पाऊस पहिल्यासारखा राहिला न्हाय. वरच्या गावांनी पाणी अडवलं. जगाचं हवामानच बदललं, टीव्हीवर सांगितलं की. आक्काबाईच्या मते भूकंपाने तळाला भेग पडली होती. कुठल्या भूकंपाने, ते तिने कधी उलगडून सांगितलं नाही. पाहुणे यायचे ते म्हणायचे, “काय वसाड माळ हुता, आन् काय हिरवंगार केलंय!” आणि वस्ती खाली मान घालून कौतुक घ्यायची.

संध्याकाळी जोतीराम भगत आला. एरवी तो उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. भगतपण बापाकडून आलं होतं. त्याने मुखवटा हातात घेतला, उजेडाकडे फिरवला आणि जीभ चावली.

“कोड आल्यागत झालंय की गालाला. यंदा टँकर न्हाय. देवाला खारं सोसंना.”

“मग बाटलीचं पाणी आणायचं का?” सिद्धू म्हणाला. तो चहाच्या वेळेला कुठल्याही घरी असायचा.

दादासोने कपबशी खाली ठेवली. “माझ्या शेततळ्यात बुडवा. पाणी तळ्याचंच हाय ते. श्रावणात म्या सवता उचललंय, माझ्या मोटरनं. पाणी तेच, निस्ती जागा बदललीय.”

सगळ्यांना ते एकदमच पटलं. जोतीरामने तर मांडीवर थाप मारली. सिद्धूला तेवढं खुपलं.

“माझं बी तळ्याचंच हाय, दादा. मग माझ्यात का न्हाय?”

“तुझ्यात शेवाळ हाय.”

“आन् तुझ्यात तुझ्या पोराची, शिवमची गाडी पडली हुती ती?”

“गाडी काढली. शेवाळ निघतंय का?”

मान मागायला आक्काबाईही येऊन गेली, पण वादाचा निकाल वयावर लागला. दादासो थोरला, मान त्याचा. ठमाबाई वाती वळत राहिली. टँकरला निदान तळ्याचा कोपरा होता. आता उद्या देव तळ्यापासून पार वर, उताराच्या माथ्याला न्हाणार, आणि तिने म्हणायचं, तळ्यात न्हाला.

“दादा,” ती म्हणाली, “उत्तराचं काय?”

“आये, हाय तेच उत्तर,” दादासो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. “पाणी! तळ्याचंच! हाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी देव वाजतगाजत चढ चढला आणि शेततळ्याच्या तारेच्या कुंपणापाशी थांबला. कुंपणाला कुलूप होतं. कुलपाची चावी दादासोच्या दुसऱ्या विजारीत होती. विजार धुवायला पडली होती. ती येईपर्यंत बिरोबा भर उन्हात, जोतीरामच्या छातीशी, आपल्या भक्ताच्या पाण्याकडे तारेतून बघत उभा राहिला.

“दोरी बांधा देवाला,” दार उघडताना दादासो म्हणाला. “कागद निसरडा असतोय.”

“दोरी?” जोतीराम भडकला. “देवाला? त्यो काय बोकड हाय?”

तो अनवाणी कागदावर उतरला. दुसरं पाऊल ओल्यावर पडलं आणि तो बसल्या बसल्या, मोठ्या इतमामाने, पाण्याकडे घसरत निघाला. काठाला माणसाने धरायला म्हणून एक दोर सोडलेला होता. जोतीरामला हात दोनच होते आणि दोन्ही दोराला लागले. बिरोबा बुडुक करून गेला.

ढोलवाल्याला मागून काही दिसलं नव्हतं. तो बराच वेळ वाजवत राहिला.

जोतीरामला ओढून वर घेतलं. त्याला खरचटलंही नव्हतं, पण तो वर आल्या आल्या आडवा पडला, म्हणजे कुणाला बोलता येऊ नये. पाणी दोन पुरुष खोल. घसरड्या कागदावरून आत उतरायला कुणी धजेना, आणि उतरलेल्याला दादासोनेच अडवलं असतं. तेवढ्यात सिद्धू घरी पळाला आणि गळ घेऊन आला. विहिरीत बादली पडली की दोरीला बांधून सोडतात तो, चारी बाजूंनी लोखंडी आकडे असलेला. त्याच्या बापाने याच गळाने अख्ख्या शिवारातल्या विहिरींमधून बादल्या काढल्या होत्या.

“अरं, ती इहीर दगडाची असती,” ठमाबाई म्हणाली. “हितं कागद हाय.”

कुणी ऐकलं नाही. जिला ऐकू येत नाही तिचं ऐकायचं नसतं, असं सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

सिद्धूने गळ फेकला. एक चप्पल आली. पुन्हा फेकला. मग दोरी ताठ झाली.

“लागला! देव लागला!”

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!” सगळे दोरीला लागले. दादासो सगळ्यात पुढे, पाय रोवून, कारण तळं त्याचं आणि मान त्याचा. देव हटेना. “जड झालाय,” जोतीराम आडव्यानेच म्हणाला, “कोपलाय.” मग एकदम फर्रकन आवाज झाला, सगळे एकमेकांच्या अंगावर उताणे पडले, आणि गळाला लुगड्याच्या धांदोट्यासारखी निळी पट्टी लोंबत वर आली.

दादासो त्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने ती बोटांत धरून चोळली, त्यावरून ठमाबाईला कळलं की त्याला सगळं कळलंय.

कागदाखाली भराव मुरमाचा. पाणी त्यात शिरलं. दादासोने पोती लावली, माती लावली, शिव्या लावल्या. मग तो सिद्धूकडे वळला. “मोटर लाव. तुझ्या तळ्यात घे पाणी. नंतर बघू.”

“माझं काठोकाठ हाय, दादा.”

“आक्काबाई?”

“आमचंबी,” आक्काबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच ते सांगताना तिला अभिमान वाटला नाही.

उतारावरचं प्रत्येक शेततळं भरलेलं होतं. रिकामी जागा सगळ्या शिवारात एकच होती, सगळ्यात खाली, आणि तिचं नाव कुणी काढलं नाही.

दुपारी भराव खालच्या अंगाने फुटला.

पाण्याला सातबारा वाचता येत नाही. ते सरळ सिद्धूच्या केळीत घुसलं. सिद्धू खोरं घेऊन बांधावर नाचायला लागला. “दादा, तुझं पाणी आवर!”

“माझं कुठं?” दादासो वरून ओरडला. “तळ्याचंच हाय ते!”

केळीतून ते आक्काबाईच्या ताली फोडत निघालं. आक्काबाईने कमरेला पदर खोचला, पाण्यासमोर हात पसरून उभी राहिली, आणि मग पाणी घोट्याला लागल्यावर बाजूला झाली. ठमाबाई काठी टेकत बांधाबांधाने पाण्याबरोबर चालली. डाळिंब, केळी, द्राक्षाचे लोखंडी मांडव. यातलं तिला काहीच ओळखीचं नव्हतं, पण पाणी जिथे वळायचं तिथे ती आधीच वळत होती. इथे मेंढरांचा वाडा बसायचा. इथे ओघळीत तिने लोकर धुतली होती, दादासो पाठीशी बांधलेला होता आणि लोकरीच्या वासाने शिंकत होता. आता तोच दादासो मागे, फुटक्या भरावावर, डोकं धरून बसला होता.

पाणी खालच्या रानात उतरलं, उसाच्या सऱ्यांमधून पसरलं आणि थांबलं. पुढे जायला त्याला जागाच नव्हती. सांडव्याची पाटी बऱ्याच वर्षांनी थोडीफार खरी झाली. कुठून कोण जाणे, एक टिटवी आली आणि उसाच्या कडेने ओरडत हिंडायला लागली.

वर शेततळ्याच्या तळाला देव सापडला. पालथा, शेवाळात, चपलेच्या जोडीदाराशेजारी. सिद्धूने दोर कमरेला बांधून त्याला बाहेर काढलं.

ठमाबाई चढ चढून माघारी आली ती आधी लेकापाशी गेली. दादासोने वर पाहिलं नाही.

“फळं लिंबाएवढी हायत, आये,” तो म्हणाला. “आजून म्हैनाभर पाणी लागतंय त्यास्नी.”

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पांढरे व्हायला लागले होते. त्याच्यासाठी जिथून पाणी आणावं अशी जागाच आता उरली नव्हती.

जोतीराम मात्र उठून बसला होता. “देव असा न्यायचा न्हाय देवघरात. घाणीत पडलाय. आंघोळ पुरी कराय पाहिजे, दिवस मावळायच्या आत.”

“सिद्धूच्या तळ्यात घाला की,” आक्काबाई म्हणाली.

“माझा कागद नवा हाय,” सिद्धू घाईने म्हणाला. “तुमच्यात घाला, आक्का. काल तुमीच म्हणत हुता, मान आमाला बी पाहिजे.”

“आमच्या दाराची किल्ली मालकांनी बारामतीला नेली.”

काल ज्या मानासाठी भांडणं लागली होती तो आज कुणालाच नको होता. प्रत्येक तळ्याचं काही ना काही निघालं. शेवटी रोहिणीनेच परात उचलली, देव त्यात ठेवला, आणि कुणाला न विचारता उतार उतरायला लागली. “खालच्या रानात हाय की पाणी,” ती म्हणाली. “फुकटचं.”

सगळे मागोमाग गेले. दादासोही आला, सगळ्यात मागून. उसाच्या कडेला सिद्धू क्षणभर अडखळला. मग त्याने स्वतःच कोयता घेतला आणि देवाला वाट होईल एवढा ऊस आडवा केला. आत पाणी गुडघ्याएवढं होतं, गढूळ, ऊन लागून कोमट झालेलं. जोतीरामने या वेळी देवाच्या कानात दोरी ओवून ती आपल्या मनगटाला गुंडाळली आणि बोकडाचं नाव काढलं नाही. त्याने देव पूर्ण बुडवला. वर काढला तेव्हा मिशांतून पाणी गळत होतं. रोहिणीने पदराने गाल पुसला. खाऱ्या पाण्याचे डाग तसेच होते.

लोकांनी भंडाऱ्याच्या मुठी भरून घेतल्या. ढोलवाल्याने टिपरू वर धरलं. या वेळी तो समोर उभा होता.

“देव कुठं न्हाला?” जोतीरामने विचारलं.

ठमाबाईने रोहिणीकडे पाहिलं. रोहिणी पायाखालच्या पाण्याकडे बघत होती, लहान मुलासारखी, बोटं हलवत. तळं तिने बघितलं होतं, पण आत्ताच.

“तळ्यात न्हाला,” ठमाबाई म्हणाली. बऱ्याच वर्षांनी हे बोलताना जीभ कुठे अडली नाही. ती खुशाल देवाच्या डोळ्यांकडे बघत होती.

“तळं कुठं हाय?”

उसाची पानं सळसळली. मुठी वर गेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सिद्धूने आडव्या केलेल्या उसाकडे पाठ केली. आक्काबाई आभाळात पावसाची काही चिन्हं आहेत का ते बघायला लागली.

“आत्या,” रोहिणी कुजबुजली. मग मोठ्याने, “आत्या! हाय तिथं हाय, म्हणा!”

“ओरडू नगं. ऐकू येतंय मला,” ठमाबाई म्हणाली. “समदं ऐकू येतंय. पयल्यापास्नं.”

ढोलवाल्याचा हात हळूहळू खाली आला.

“आये,” मागून दादासोचा आवाज आला. त्यात दटावणी नव्हती. तो एवढंच म्हणाला.

“वरचं पाणी माझ्या लेकानं उचललं, खालची भुई सिद्धूनं नांगरली, मधलं ज्यानं त्यानं आडवलं. आन् म्या दर सालाला त्याच डाळिंबाचा निवद ह्याच्या म्होरं ठिवून म्हनलं, हाय तिथं हाय.” तिने ओल्या हाताने देवाच्या कपाळावरचं शेवाळ काढलं. “तळं आटलं न्हाय, जोतीराम. आमी खाल्लं.”